अळीच्या आधीचा एरिक कार्ल

'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' घरात असेल तर वेगळं सांगायला नको, नसेल तर थोडक्यात सांगतो. अंड्यातून अळी निघते, सोमवारी एक सफरचंद खाते, मंगळवारी दोन पेअर, असं करत करत शनिवारी चॉकलेट केक, आइस्क्रीम, सलामी, कलिंगड असं जे दिसेल ते चापते, मग पोट दुखतं, रविवारी एक हिरवं पान खाऊन बरं वाटतं आणि शेवटी कोष आणि फुलपाखरू. जिथे जिथे खाल्लंय तिथे पानाला खरोखरचं भोक. आमच्याकडच्या कॉपीत पाच संत्र्यांचं पान सध्या सेलोटेपवर जगतंय कारण भाचीला प्रत्येक भोकात बोट घालायचंच असतं, आणि तिचं काही चुकत नाही, ती भोकं त्यासाठीच आहेत.

हे पुस्तक आलं 1969 च्या जूनमध्ये आणि ते लिहिणारा-रंगवणारा एरिक कार्ल त्याच महिन्यात 40 वर्षांचा झाला. म्हणजे हा काही लहानपणापासून मुलांची पुस्तकं करणारा माणूस नव्हे, त्याआधी त्याचं अख्खं एक वेगळं आयुष्य होऊन गेलं होतं आणि मला ते पुस्तकांपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतं.

जन्म 1929 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज गावी. आईवडील जर्मनीहून आलेले. तिथल्या बालवाडीतलं त्याला काय आठवायचं तर भरपूर ऊन, मोठेमोठे कागद, मोठे ब्रश आणि रंग. पण आईला घरची ओढ लागली आणि 1935 मध्ये हे कुटुंब परत जर्मनीत, स्टुटगार्टला गेलं. साल बघा! हिटलर सत्तेवर येऊन दोन वर्षं झाली होती. तिथल्या शाळेत छोटे कागद, टोक काढलेली पेन्सिल आणि सुरुवातीलाच हातावर छड्या. अमेरिकेला परत जायला पूल बांधायचा असं तो पोरगा म्हणायचा म्हणे.

वडील त्याला रानात फिरायला न्यायचे, दगड उचलून खालचे किडे दाखवायचे, मग दगड परत जागच्या जागी ठेवायचे. पुढे कार्लच्या पुस्तकांत अळी, कोळी, रातकिडा, काजवा अशी जी किडामुंगी भरलीय ती सगळी इथून आलीय. पण युद्ध सुरू झालं, वडिलांना जर्मन सैन्यात घेतलं, ते रशियनांच्या कैदेत सापडले आणि 1947 च्या शेवटी घरी आले तेव्हा जेमतेम हाडं उरली होती. पोरगा तोवर 18 चा झालेला. स्वतः तोही 15 व्या वर्षी सीमेवर खंदक खणून आला होता.

आणि रंग? बॉम्बफेकीत दिसू नये म्हणून घरंसुद्धा करडी, मातकट रंगवलेली. अशात त्याचे चित्रकलेचे मास्तर, हेर क्राउस, यांनी एक दिवस त्याला घरी बोलावलं आणि लपवून ठेवलेल्या काही प्रिंट्स दाखवल्या, पिकासो, क्ले, मातीस, कँडिन्स्की आणि फ्रान्झ मार्कची ती रंगीबेरंगी जनावरं. ही चित्रं नाझींनी 'विकृत' ठरवलेली, 1937 मध्ये म्युनिकला त्यांची टर उडवायला खास प्रदर्शनच भरवलं होतं. कुणाला कळलं असतं तर मास्तरची नोकरी तर गेलीच असती, पुढे काय झालं असतं ते वेगळंच. 12-13 वर्षांच्या पोराला ते बघून आधी धक्काच बसला, मास्तर वेडे झालेत की काय असं वाटलं, पण मार्कचा निळा घोडा डोक्यातून गेला नाही. 1967 मध्ये त्याने चित्रं काढलेल्या 'ब्राउन बेअर' या मुलांच्या पुस्तकात निळा घोडा आहे. आणि 2011 मध्ये, वय 82, त्याने निळा घोडा रंगवणाऱ्या चित्रकारावर आख्खं पुस्तक केलं.

युद्धानंतर स्टुटगार्टच्या कला अकादमीत ग्राफिक्स शिकला आणि 1952 मध्ये खिशात 40 डॉलर घेऊन न्यूयॉर्कला उतरला. तिथे लिओ लिओनी, जो स्वतः पुढे मुलांच्या पुस्तकांसाठी नावाजला गेला, त्याच्या मदतीने न्यूयॉर्क टाइम्समध्ये डिझायनरची नोकरी मिळाली. पण जन्माने अमेरिकन नागरिक, त्यामुळे लगेच अमेरिकन सैन्यात भरती, आणि पोस्टिंग कुठे तर परत जर्मनीत! नंतर बरीच वर्षं जाहिरात एजन्सीत. तिथल्या एका जाहिरातीतला त्याचा लाल लॉब्स्टर बिल मार्टिन ज्युनियर या लेखकाने बघितला आणि 'ब्राउन बेअर' ची चित्रं याच माणसाकडून करून घ्यायची असं ठरवलं. ते काम करताना कार्लला बहुतेक ते सिराक्यूजचे मोठे कागद परत सापडले असावेत, कारण त्यानंतर गडी जाहिरातीकडे वळलाच नाही.

आता भोकांची गोष्ट. तो पंचिंग मशीनने, ऑफिसात फायलीला लावायच्या कागदांना पाडतो तशीच, कागदाच्या गठ्ठ्याला भोकं पाडत बसला होता आणि भोक बघून त्याला पुस्तकं खाणारी कसर आठवली. 'हंग्री कॅटरपिलर' ची पहिली कल्पना खरंच किड्याची होती, विली नावाच्या. संपादक अ‍ॅन बेनेड्यूस हिला किडा काही पटेना, तिने सुचवलं की अळी का नको, आणि तो लगेच म्हणाला, फुलपाखरू! झालं, शेवट मिळाला. म्हणजे जगातली सगळ्यात प्रसिद्ध अळी ही एडिटिंगमधून आलीय, हे संपादकांनी फ्रेम करून भिंतीवर लावायला हरकत नाही.

छापायचं कसं हा मोठाच घोळ होता. पानं वेगवेगळ्या रुंदीची, त्यात भोकं, अमेरिकेत हे परवडेल अशा खर्चात करणारा कुणी मिळेना. शेवटी बाई जपानला गेली आणि तिथे छापणारा शोधून काढला. पुढे 5 कोटींच्या वर प्रती आणि 60 हून जास्त भाषा, ते सगळं त्यानंतरचं.

चित्रांची पद्धत ऐकायला सोपी. पतंगाच्या कागदासारखा पातळ टिश्यू पेपर घ्यायचा, त्यावर ब्रशने, स्पंजने, कधी गालिच्याच्या तुकड्यानेसुद्धा रंग मारायचा, वाळले की रंगाप्रमाणे ड्रॉवरमध्ये लावून ठेवायचे आणि हवा तो आकार कापून वॉलपेपरच्या खळीने चिकटवायचा. घरी करून बघा, आमचं फुलपाखरू भिजलेल्या पापडासारखं झालं होतं.

एक तक्रार मात्र त्याच्यामागे आयुष्यभर लागली. इंग्रजीत त्याने 'ककून' लिहिलंय आणि शास्त्रवाले म्हणतात ककून पतंगाचा, फुलपाखराचा तो 'क्रिसॅलिस'. यावर त्याचं म्हणणं असं की लहानपणी वडील त्याला म्हणायचे, एरिक, ककूनमधून बाहेर ये, म्हणजे जरा मोकळा हो, आणि 'क्रिसॅलिसमधून बाहेर ये' असं कुठला बाप म्हणतो? 2021 मध्ये तो 91 व्या वर्षी गेला तोवर हा प्रश्न त्याला विचारला जात होता. मराठीत वाचून दाखवताना ही भानगडच येत नाही, आपल्याकडे रेशमाच्या किड्याचाही कोष आणि फुलपाखराचाही कोषच.