एसीचा गॅस ‘संपत’ नाही

गाडीच्या एसीतून गरम हवा आली की सल्ला ठरलेला: ‘गॅस संपला, भरून घ्या.’ दरवर्षी गॅस भरावाच लागतो, असंही पुष्कळजण मानतात. हे खरं नाही. गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो जळत नाही, खर्च होत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरतो, आतली उष्णता घेऊन वायू होतो आणि कंडेन्सरमध्ये, म्हणजे गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीदार भागात, ती बाहेर सोडून पुन्हा द्रव होतो. रबरी होजमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, तेवढंच. एकाच मोसमात गॅस निघून गेला, तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. शिवाय आर-१३४ए हा बऱ्याच गाड्यांच्या एसीतला गॅस हवेत सुटला की तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून जास्त तापमानवाढ घडवतो. मला हे फार खुपतं.

आणि गॅस पुरेसा असतानाही हवा गरम येते. गाडी धावताना थंड, थांबली की गरम? आधी कंडेन्सरचा पंखा बघा. गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा क्लच लागतच नसेल तर फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच) तपासा. कधी गरम-थंड हवा मिसळणारी झडपच अडकलेली असते. अशा वेळी वरून गॅस भरला तर दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर वारंवार बंद पडू लागतो.

म्हणून मेकॅनिकला आधी गेज लावून दाब बघायला सांगा. गॅसबरोबर तेलही फिरत असतं, त्यामुळे जोडावरचा तेलकट डाग बहुतेकदा गळतीची जागा दाखवतो.