झाड, झुडूप की वेल? आधी डोळा शोधा

केळीचं जाडजूड, पाणीदार ‘खोड’ आडवं कापून पाहिलं तर आत कांद्यासारखे थर दिसतात. लाकूड औषधालाही सापडत नाही. कारण ते खोड नसतंच. पानांचे तळ, म्हणजे सोपटं, एकमेकांभोवती घट्ट गुंडाळून तो खांब उभा राहिलेला असतो. खरं खोड जमिनीखाली कंदाच्या रूपात असतं. फुलायची वेळ आली की कंदातून निघालेला दांडा सोपटांच्या मधून वर चढतो आणि शेंड्यातून केळफूल बाहेर पडतं. घड पिकला की हा सगळा डोलारा मरतो आणि कंदाला फुटलेले मुनवे वाढू लागतात. म्हणून पाच-सहा मीटर उंच केळ वनस्पतिशास्त्राच्या लेखी वृक्ष नाही, ते एक अवाढव्य रोप आहे.

आता याच्या अगदी उलट उदाहरण. आर्क्टिक प्रदेशात विलो या झाडाची एक बुटकी जात वाढते. तिच्या फांद्या बहुतेक जमिनीत पसरलेल्या असतात आणि पानं जेमतेम काही सेंटिमीटर वर डोकावतात. चालताना सहज पायाखाली यावी एवढीशी, पण तिच्या खोडात अस्सल लाकूड असतं.

वृक्ष उंच, झुडूप मध्यम, रोपटं लहान ही शाळेत शिकलेली वाटणी चूक नाही, पण उंची ही फार फसवी खूण आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकात ग्रीक विद्वान थिओफ्रास्टसने वनस्पतींची वृक्ष, झुडूप, उपझुडूप आणि रोप अशी विभागणी केली आणि लगेच बजावलं की या सीमा पक्क्या नाहीत. मॅलो नावाचं रोप सहा-सात महिन्यांत भाल्याएवढं वाढतं आणि लोक त्याची काठी करून वापरतात, असा दाखलाही त्याने दिला. चरकसंहितेतली वाटणी मला त्याहून मार्मिक वाटते. तिथे उंचीचा उल्लेखच नाही. जी पसरत जाते ती वीरुध, आणि फळ पिकलं की जिचा शेवट होतो ती ओषधी. ‘फलपाकान्त’ या एका शब्दात वनस्पतीचा अख्खा जीवनक्रम आला.

लाकूड येतं कुठून? वृक्षाच्या सालीच्या आत कॅम्बियम नावाचा जिवंत पेशींचा पातळ थर असतो. तो आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला अन्न वाहणाऱ्या सालीच्या पेशी तयार करत राहतो. त्यामुळे खोड वर्षानुवर्षं जाड होत जातं. नारळ, ताड आणि बांबू यांच्याकडे हा थर नसतो. नारळ आधी बुंध्याची जाडी जमवतो, मगच उंच होऊ लागतो. बांबूचा कोंब तर जमिनीतून वर येतो तोच पूर्ण जाडीचा. पुढे फक्त उंच व्हायचं काम उरतं आणि काही जातींत ते दिवसाला जवळपास 90 सेंटिमीटर इतक्या वेगाने होतं. बांबू शेवटी गवतच.

वेलींपाशी जरा थांबायला हवं, कारण त्यांचं शहाणपण विलक्षण आहे. वृक्ष आपलं बरंचसं अन्न खोड मजबूत करण्यात घालवतो. वेल तो खर्चच करत नाही. उभं राहायचं काम ती दुसऱ्यावर सोपवते आणि वाचलेली ताकद लांब होण्यात लावते. मात्र आधार शोधायचा कसा? आजारपणामुळे खोलीत अडकून पडलेल्या चार्ल्स डार्विनने कुंडीतल्या हॉप वेलीच्या शेंड्यावर तासन् तास नजर ठेवली. शेंडा हवेत गोल फिरत होता आणि उष्ण दिवसांत एक फेरी सरासरी 2 तास 8 मिनिटांत पुरी करत होता. काही लागलं की त्याला विळखा. 1865 मध्ये त्याने ही निरीक्षणं प्रसिद्ध केली. भोपळा, काकडी यांना स्प्रिंगसारखे तणावे असतात. तणाव्याची दोन्ही टोकं अडकलेली असल्याने तो अर्ध्यात एका दिशेने आणि उरलेल्या अर्ध्यात उलट दिशेने वळतो. वारा आला की ही दुहेरी स्प्रिंग ताण झेलते, वेल तुटत नाही. मॉन्स्टेरा या रानवेलीच्या एका जातीचं तर नवल वाटतं. तिचं रोप उगवल्यावर उजेडाकडे न जाता अंधाराकडे सरकतं! रानात सगळ्यात गडद सावली मोठ्या बुंध्याची असते. बुंधा सापडला की मग ते उजेडाकडे चढू लागतं.

काही वनस्पती आयुष्यात आपला वर्गच बदलतात. वडाच्या कुळातल्या काही जातींचं बी पक्ष्यामार्फत दुसऱ्या झाडाच्या फांदीवर पडतं आणि तिथेच रुजतं. मुळं खाली येऊन जमिनीला टेकतात, जाड होतात, मूळ झाडाला वेढून टाकतात. फांदीवरचा पाहुणा स्वतंत्र वृक्ष होतो.

मग या गोंधळातून वाट काढायची कशी? डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ क्रिस्टेन राउनकियर याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रश्नच बदलला. थंडी किंवा दुष्काळ आला की पुढच्या वाढीचा डोळा वनस्पती कुठे जपून ठेवते, एवढंच त्याने विचारलं. उसाचा, बटाट्याचा, गुलाबाचा डोळा म्हणतो तोच हा डोळा. जमिनीपासून 25 सेंटिमीटरहून उंच डोळे ठेवणाऱ्या वनस्पती एका गटात, त्याखाली पण जमिनीच्या वर ठेवणाऱ्या दुसऱ्या गटात. काहींचे डोळे अगदी जमिनीलगत, काहींचे कंदांसारखे जमिनीखाली. आणि शेवटचा गट डोळा ठेवतच नाही, तो सगळं काही बियांवर सोपवून मरून जातो. आपण ज्यांना वार्षिक वनस्पती म्हणतो त्या याच.

या एका प्रश्नाने किती तरी गोष्टी उलगडतात. गवताची वाढ बुडापासून होते, म्हणून ते कितीही कापलं तरी पुन्हा येतं. नारळाचा वाढीचा डोळा एकच आणि तोही शेंड्याला, म्हणून शेंडा तोडला की झाड गेलं. जगभरातल्या निवडक 1000 जाती तपासल्यावर राउनकियरला 46 टक्के जातींचे डोळे उंचावर आढळले आणि 13 टक्के बियांच्या भरवशावर. हे प्रमाण जागेप्रमाणे बदलतं. उष्ण, दमट रानात उंच डोळ्यांची चलती, कारण तिथे डोळा गारठण्या-सुकण्याची भीती कमी. वाळवंटात बियांवर जगणाऱ्यांची संख्या वाढते, थंड प्रदेशात डोळे जमिनीला बिलगतात. वनस्पतींची यादी नीट वाचली तर तिथलं हवामान कळतं.

मात्र वाढीची तऱ्हा म्हणजे नातं नव्हे. सूर्यफुलाच्या कुळात बहुतेक रोपं आणि झुडपं, पण पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांवर याच कुळातली स्कॅलेशिया 10 मीटरहून उंच वृक्ष होऊन रान उभं करते. आपल्या ओळखीचा एरंड थंड प्रदेशात एका हंगामात संपतो आणि उबदार हवेत लहानशा झाडासारखा वर्षानुवर्षं टिकतो.

रोप आणि झुडूप यांच्यातलं अंतर किती कमी असू शकतं, हे 2008 मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवलं. मोहरीच्या कुळातली अरॅबिडॉप्सिस ही वीतभर वनस्पती काही आठवड्यांत फुलते, बी धरते आणि मरते, चरकांच्या शब्दांत अगदी फलपाकान्त. संशोधकांनी तिची फुलायची वेळ ठरवणारी फक्त 2 जनुकं निकामी केली. ती रोपं बी धरूनही मेली नाहीत. त्यांना नवे कोंब फुटत राहिले, आणि खोडात झुडपासारखं लाकूड तयार झालं.