फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा छायाचित्रसंग्रह

अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९३५ ते १९४३ या काळात देशाच्या कानाकोपऱ्यांत छायाचित्रकार पाठवून सामान्य माणसांच्या दैनंदिन जीवनाचा जो चित्ररूप दस्तऐवज तयार करून घेतला, तो फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा छायाचित्रसंग्रह या नावाने ओळखला जातो. त्यात कृष्णधवल निगेटिव्हांची संख्या १,७०,००० च्या वर असून सुमारे १,६०० रंगीत पारदर्शिकाही (स्लाइडही) आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यातील अमेरिकेतील घर, शेत, दुकान आणि रस्ता कसा होता हे पाहण्यासाठी याच्या तोडीचे दुसरे साधन क्वचितच सापडेल.

महामंदी आणि दुष्काळ यांनी कंगाल झालेल्या शेतकऱ्यांच्या पुनर्वसनासाठी १९३५ मध्ये ‘रिसेटलमेंट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ स्थापन झाले व १९३७ मध्ये त्याचे रूपांतर फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये झाले. मदतीवरचा खर्च जनतेला आणि काँग्रेसला (अमेरिकेच्या संसदेला) पटवून देण्यासाठी छायाचित्रे हवी होती, म्हणजे मूळ हेतू प्रचाराचाच होता. मात्र या कामासाठीच्या छायाचित्र विभागाचा प्रमुख रॉय स्ट्रायकर हा कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवलेला माणूस होता आणि तो स्वतः छायाचित्रकार नव्हता. डोरोथिआ लँग, वॉकर इव्हान्स, आर्थर रॉथस्टाइन, बेन शान, रसेल ली, मॅरियन पोस्ट वोल्कॉट, जॉन व्हॅचन, जॅक डेलानो, गॉर्डन पार्क्स यांच्यासारख्या छायाचित्रकारांना तो दौऱ्यावर निघण्यापूर्वी वाचायला पुस्तके देई आणि काय टिपायचे याची लेखी टिपणे पाठवी. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट लिंड यांच्याशी १९३६ मध्ये झालेल्या चर्चेनंतर या टिपणांचा रोख बदलला. निरनिराळ्या उत्पन्नाची कुटुंबे संध्याकाळी घरी काय करतात, लोक एकमेकांना कुठे भेटतात, घरांच्या भिंतींवर काय लावलेले असते, असे प्रश्न त्यांत येऊ लागले. संकटाच्या चित्रणाइतकेच रोजच्या जगण्यालाही महत्त्व मिळाले ते इथून, आणि संग्रहाचे खरे मोल त्यातच आहे.

भिंतीचा प्रश्न किती फलदायी ठरला हे रॉथस्टाइनने १९३७ मध्ये अलाबामातील गीज बेंड येथे घेतलेल्या छायाचित्रात दिसते. ओंडक्यांच्या झोपडीच्या खिडकीत एक कृष्णवर्णीय मुलगी उभी आहे, तिची नजर बाहेर लागलेली आहे, आणि शेजारच्या उघड्या झडपेवर थंडीवारा अडवण्यासाठी चिकटवलेल्या वर्तमानपत्राच्या कागदावर खाद्यपदार्थांच्या जाहिरातीतली एक गोरी बाई हसते आहे. चित्राखाली माहितीची ओळ नसती तरीही या चित्रातून त्या समाजाची रचना समजली असती. वोल्कॉटने १९३९ मध्ये मिसिसिपीतील बेल्झोनी येथे टिपलेल्या चित्रपटगृहाबाबतही तसेच म्हणता येते. शनिवार दुपारचा खेळ पाहायला आलेला माणूस इमारतीच्या बाहेरच्या जिन्याने, कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या दाराकडे चढतो आहे. विषय वर्णभेदाचा असला, तरी प्रसंग सुट्टीच्या दिवशी सिनेमाला जाण्याचा आहे.

याउलट रसेल लीने १९४० साली न्यू मेक्सिकोतील पाय टाउन येथे काढलेल्या शेकडो छायाचित्रांत दैन्यापेक्षा उमेद अधिक आहे. टेक्सास व ओक्लाहोमातून आलेल्या शेतकऱ्यांची अर्धी जमिनीत खणलेली लाकडी घरे, हिवाळ्यासाठी बरण्यांत भरून ठेवलेली भाजी, सामुदायिक गायनाचा दिवस, पंगत, रात्रीचे नाच असे सर्व त्यात आले आहे. ली अंधाऱ्या खोल्यांत फ्लॅशचा बल्ब वापरी, त्यामुळे कोपऱ्यातल्या वस्तूही स्पष्ट उमटत. शान आपल्या लायका कॅमेऱ्याला काटकोनी दृश्यदर्शक (बाजूचे दृश्य दाखवणारा) लावून लोकांच्या नकळत रस्त्यावरची चित्रे घेत असे, तर इव्हान्स मोठ्या कॅमेऱ्याने सावकाश, समोरासमोर काम करी.

संग्रहाकडे निखळ सत्य म्हणून पाहणे मात्र चुकीचे ठरेल. न आवडलेल्या निगेटिव्हांना स्ट्रायकर भोक पाडी, आणि त्यांच्या मुद्रितांवर (कागदावरच्या प्रतींवर) आज चेहऱ्यावर किंवा आभाळात काळी वर्तुळे दिसतात. पुढे ही पद्धत बंद झाली. लँगने मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीत टिपलेले ‘मायग्रंट मदर’ (स्थलांतरित आई) जगप्रसिद्ध झाले, पण त्यातल्या बाईचे नाव नोंदले गेले नव्हते. तिची ओळख १९७८ मध्ये उघड झाली आणि त्या छायाचित्राचा आपल्याला काहीच लाभ झाला नाही अशी खंत तिने व्यक्त केली. तिची तक्रार रास्त होती, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर देशावर विश्वास असलेले, उत्साही चेहरे टिपा, अशी सूचना स्ट्रायकरने केली. १९४२ मध्ये हा विभाग युद्धमाहिती कार्यालयाकडे गेला आणि कारखाने, रेल्वेयार्डे व कामकरी स्त्रिया ठळकपणे दिसू लागल्या.

स्ट्रायकर १९४३ मध्ये बाहेर पडला आणि १९४४ मध्ये संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आला. पॉल व्हँडरबिल्ट यांनी मुद्रितांची मांडणी प्रदेश व विषय यांनुसार केली, त्यामुळे एकाच घरातली चित्रे स्वयंपाक, झोप, शाळा अशा वेगवेगळ्या कप्प्यांत विखुरली. मात्र ही फेरमांडणी करण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक दौऱ्याची चित्रे मूळ गटांप्रमाणे सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्मवर) उतरवून ठेवली होती, म्हणून एखाद्या गावातला छायाचित्रकाराचा मुक्काम आजही सलग पाहता येतो.