मागच्या पायातला ‘तंतू’ नेमका किती लांब?

मेलेल्या प्राण्याच्या मागच्या पायाचा स्नायू सोडवायचा, तोलायचा आणि त्याचं आकारमान तंतूच्या लांबीने भागायचं. जे छेदक्षेत्र, म्हणजे आडव्या कापाचं क्षेत्रफळ, मिळतं त्यावरून ताकदीचा अंदाज बांधायचा. स्नायूची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.०६ ग्रॅम धरतात, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. तंटा आहे तो भाजकावर.

१६६७ मध्ये एका डॅनिश शरीररचनातज्ज्ञाने तिरक्या तंतूंचा स्नायू भूमितीच्या आकृतीत बसवून दाखवला होता. पुढे ती आकृती बराच काळ धूळ खात पडली. आकारमान भागिले लांबी हा हिशेब एकोणिसाव्या शतकातला.

खरा गुंता शब्दाचा. नुसत्या डोळ्यांना दिसतो आणि चिमट्यात येतो तो तंतुगुच्छ, म्हणजे अनेक तंतूंची जुडी. कोष्टकात मात्र ‘तंतूची लांबी’ असं छापलं जातं. आखूड स्नायूंत दोन्ही जवळपास एकच असल्याने हे खपून जातं. लांब, पट्ट्यासारख्या स्नायूंत खपत नाही. मांजराच्या मांडीतल्या सार्टोरिअसचा गुच्छ दहा सेंटिमीटरच्या पुढे जातो, पण त्यातला एकेक तंतू त्याच्या एखाद्या हिश्श्याएवढाच असतो आणि मध्येच निमुळता होऊन संपतो. हे १९८० च्या दशकात नीट उघड झालं. मौज अशी, की ताकदीच्या हिशेबाला गुच्छच बरोबर आहे. एकामागे एक जोडलेल्या तंतूंच्या ताकदीची बेरीज होत नाही. खऱ्या तंतूची लांबी घालून भागलं, तर छेदक्षेत्र कित्येक पट फुगतं. म्हणजे गणित बरोबर आणि कोष्टकाचा मथळा चुकीचा, अशी ही जुनी चूक आहे.

त्यात पाय कोणत्या स्थितीत फॉर्मॅलिनमध्ये ठेवला, हेही आलंच. गुडघा वाकलेला की ताठ, यावर गुच्छ ताणलेला मिळेल की आखडलेला, ते ठरतं. म्हणून सार्कोमिअरची, म्हणजे तंतूतल्या आकुंचन पावणाऱ्या सूक्ष्म खंडाची, लांबी लेझरने मोजून, तिच्या प्रमाणात गुच्छाची लांबी दुरुस्त करतात. बेडकात सर्वाधिक जोर साधारण २.० ते २.२ मायक्रोमीटरला मिळतो, माणसात २.७ च्या आसपास. ही दुरुस्ती न केलेले आकडे दोन प्राण्यांच्या तुलनेला वापरू नयेत, असं माझं मत. तंतूंच्या तिरकेपणावरून, कोसाइनने गुणायचं की नाही यावरून, जास्त शाई खर्च झाली आहे. पण २० अंशाला त्याने फरक पडतो सहा टक्के, आणि गुच्छ २० ऐवजी ३० मिलिमीटर मोजला गेला तर छेदक्षेत्र एकतृतीयांशाने घटतं.

कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, मोजणीत आली ती उशिरा. कांगारूच्या उड्या आणि उंटाची चाल अभ्यासताना तिच्यात साठणारी लवचीक ऊर्जा मोजायची गरज पडली. उंटाच्या मागच्या पायातल्या प्लँटॅरिस या स्नायूमध्ये स्नायूतंतू जवळपास उरलेलेच नाहीत, सारी कंडराच. अशा ठिकाणी ‘तंतूची लांबी’ हा रकाना कशाने भरायचा?

अलीकडे आयोडीनमध्ये भिजवलेला अख्खा पाय सीटी स्कॅनमध्ये घालतात. एकही काप न देता गुच्छ त्रिमितीत दिसतात, पण आयोडीनने स्नायू आक्रसतो, म्हणजे पुन्हा दुरुस्ती आली. शिवाय नेहमीच्या स्कॅनमध्ये दिसतो तोही गुच्छच. मथळा मात्र बऱ्याचदा तोच, ‘तंतूची लांबी’.