पार्श्वभूमी : बिघडलेल्या घडीचा शोध

अल्झायमरमध्ये आठवणी जातात, कंपवातात हात थरथरतात, हंटिंग्टनमध्ये अंग आपोआप वेडेवाकडे हलत राहते, एएलएसमध्ये स्नायूंतली ताकद संपत जाते. लक्षणे इतकी निराळी, की हे आजार दीर्घकाळ निरनिराळ्या तज्ज्ञांनी आपापल्या कोपऱ्यात अभ्यासले. त्यांचे मूळ एकमेकांशी जोडलेले असू शकते, या विचारापर्यंत नेणारी वाट मात्र आजारी मेंढ्यांच्या मेंदूतून गेली.

खुणा फार आधीपासून डोळ्यांसमोर होत्या. आलोइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये ट्यूबिंगेन येथील परिषदेत एका मृत रुग्ण महिलेच्या मेंदूतले डाग आणि पेशींच्या आत दिसलेले धाग्यांचे गुंते यांचे वर्णन केले. 1912 मध्ये फ्रिट्झ लेवी यांना कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूपेशींत गोल कण आढळले. ते कशाचे बनले आहेत, हे ओळखण्याची साधने तेव्हा नव्हती.

1957 मध्ये कार्लटन गायडुसेक आणि व्हिन्सेंट झिगास यांनी पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांमधल्या कुरू या आजाराची माहिती प्रसिद्ध केली. तोल जाणे, थरथर आणि मग मृत्यू. त्यात स्त्रिया आणि मुले सर्वाधिक. मृत आप्तांचे शरीर खाण्याच्या अंत्यविधीतून हा आजार पसरत होता, हे पुढे स्पष्ट झाले. 1959 मध्ये विल्यम हॅडलो या अमेरिकन पशुवैद्यक तज्ज्ञाने लंडनमधल्या एका प्रदर्शनात कुरूग्रस्त मेंदूची छायाचित्रे पाहिली. ते तेव्हा इंग्लंडमध्ये मेंढ्यांच्या स्क्रेपी या रोगावर काम करत होते. स्क्रेपीतही दिसणाऱ्या चेतापेशींतल्या पोकळ्या त्यांनी लगेच ओळखल्या आणि ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिले : कुरूही प्राण्यांमध्ये टोचून पाहा, वाट पाहायची तयारी ठेवा. मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. 1966 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कुरूग्रस्त मेंदूचा अर्क टोचलेले चिंपांझी दीड-दोन वर्षांनी आजारी पडले होते.

पण पसरत काय होते? 1967 मध्ये टिकवा आल्पर यांनी दाखवले, की डीएनए-आरएनए नष्ट करणाऱ्या अतिनील किरणांना स्क्रेपीचा कारक दाद देत नाही. 1982 मध्ये स्टॅन्ली प्रुसिनर यांनी त्याला ‘प्रायॉन’ हे नाव दिले. त्यांचे म्हणणे असे : हा जंतू नाही, हे प्रथिन आहे. प्रथिनाची साखळी ज्या ठरावीक आकारात दुमडते, ती त्याची घडी. ही घडी बिघडली, की शेजारच्या चांगल्या प्रथिनांचीही घडी ते बिघडवते. दुधाला विरजण लागावे तसे. फक्त विरजणात जिवंत जीवाणू असतात, इथे सजीव असे काहीच नाही. अनेक शास्त्रज्ञांना हे पटायला वर्षे लागली. 1997 मध्ये प्रुसिनर यांना नोबेल मिळाले.

दरम्यान जुन्या खुणांची ओळख पटत गेली. अल्झायमरच्या डागांत अमायलॉइड-बीटा, गुंत्यांत टाऊ, लेवींच्या कणांत अल्फा-सिन्युक्लिन, आणि 2006 मध्ये एएलएसच्या रुग्णांत टीडीपी-43. प्रथिने वेगळी, बिघाडाची रीत तीच. 2008 मध्ये एक धक्कादायक निरीक्षण आले. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत दहा-पंधरा वर्षांपूर्वी रोपण केलेल्या निरोगी पेशींतही लेवींचे कण तयार झाले होते. पुढच्याच वर्षी टाऊचे गुठळे टोचलेल्या उंदरांच्या मेंदूत हा बिघाड टोचल्या जागेपासून शेजारच्या भागांत सरकताना दिसला.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. रुग्णाची सेवा केल्याने, त्याच्यासोबत जेवल्याने अल्झायमर किंवा कंपवात होत नाही. हा प्रसार एकाच मेंदूच्या आत, पेशीकडून पेशीकडे होतो.

2017 मध्ये केंब्रिजच्या प्रयोगशाळेने अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूतल्या टाऊ धाग्यांची रचना अणूंच्या पातळीवर उलगडली. पुढच्या वर्षी पिकच्या आजारातला (हाही स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार) टाऊ पाहिला, तर प्रथिन तेच, घडी निराळी. त्याहून अवघड बाब 2019 मध्ये समोर आली. प्रयोगशाळांत हेपरिन (रक्त गोठू न देणारे एक औषध) घालून तयार केले जाणारे टाऊचे धागे या दोन्ही आजारांतल्या धाग्यांशी जुळत नव्हते. म्हणजे कित्येक प्रयोग भलत्याच घडीवर झाले होते. 2022 मध्ये त्याच केंब्रिजच्या गटाने टाऊच्या एका तुकड्यापासून अल्झायमरची नेमकी घडी परीक्षानळीत तयार करून दाखवली.