इंदूरमध्ये किरायेदार ठेवताय? व्हेरिफिकेशनचा फॉर्म परत का येतो ते आधी वाचा

जून-जुलै आला की भंवरकुआंच्या कोचिंगची मुलं खोल्या बघत आमच्या सुदामा नगरपर्यंत येतात आणि आमच्याकडची काका-काकू मंडळी अ‍ॅडव्हान्स घेऊन त्याच दिवशी चावी देऊन टाकतात. मग महिन्याभराने पेपरात किरायेदाराच्या व्हेरिफिकेशनच्या आदेशाची बातमी वाचून पोलीस थान्यात पळतात आणि तिथून फॉर्म परत घेऊन येतात. कृपा करून चावी द्यायच्या आधी हे करा.

फॉर्म थान्यात मिळतो, नाहीतर मध्य प्रदेश पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर मोबाईल नंबरने लॉगिन करून भरता येतो. किरायेदाराचा फोटो, आधार, मोबाईल नंबर, तुमचं ओळखपत्र आणि घर तुमचंच आहे हे दाखवायला बिजलीचं बिल किंवा नगर निगमच्या टॅक्सची रसीद, एवढं जवळ ठेवा.

अडतं कुठे, तर सगळ्यात आधी कायमच्या पत्त्यावर. परवा शेजारच्या मावशींचा फॉर्म मी पाहिला, मुलगा खरगोन जिल्ह्यातला, पत्त्यात गाव होतं, पोस्ट होतं, पण गावाचा थाना कोणता तो रकाना कोरा. पडताळणी त्याच थान्यातून व्हायची असते, मग ते नाव नसेल तर कागद पाठवणार कुठे? वर आधारची फोटोकॉपी इतकी काळी की चेहऱ्याच्या जागी नुसता डाग. मुलासमोर बसून त्याच्या घरी फोन लावा, थान्याचं नाव विचारून लिहा, आणि आधारवरचा क्यूआर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या ॲपने स्कॅन करून नाव जुळतंय का बघा, पाच मिनिटांचं काम आहे. आपल्याकडे नॉनव्हेज खातो का यावर अर्धा तास चौकशी होते आणि बापाचा फोन नंबर कोणी घेत नाही, याचा मला खरंच राग येतो.

दुसरं म्हणजे खोलीत चार मुलं राहणार आणि फॉर्म एकाचाच. चौघांची माहिती द्यायची, आणि मध्येच एक जाऊन दुसरा आला तर त्याचीही. थाना घर ज्या भागात आहे तिथला. तुम्ही विजय नगरला राहता आणि घर सुदामा नगरात असेल तर विजय नगरच्या थान्यात रांग लावून दिवस वाया जाईल.

घर अजून आजोबांच्या नावावर असेल, आणि आपल्या जुन्या मराठी घरांमध्ये हे फार आहे, तर बिल आणि तुमचं नाव जुळत नाही म्हणून अडवतात. नामांतरण, म्हणजे घर तुमच्या नावावर, होईपर्यंत मृत्यू प्रमाणपत्र, नातं दाखवणारा कागद आणि टॅक्सची तुम्ही भरलेली रसीद सोबत न्या, पण नामांतरण टाळू नका.

आता तारखेचा घोळ. किरायेदाराची माहिती थान्यात द्या असा पोलीस कमिश्नरचा आदेश आधी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली निघायचा, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतो. असा आदेश साधारण दोन महिनेच चालतो आणि नंतर नवा काढावा लागतो. लोक जुनी कात्रणं व्हॉट्सॲपवर फिरवतात, कोणी म्हणतं मुदत संपली आता काही होत नाही, कोणी म्हणतं आता गेलं तर पकडतील. दोन्ही चूक, उशीर झाला असेल तरी जाऊन भरा. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2500 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, त्या आदेशभंगाने कोणाच्या जिवाला धोका झाला तर आणखी जास्त.

अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट केलं म्हणजे व्हेरिफिकेशन झालं असं समजू नका. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीला रजिस्ट्री लागते म्हणून अकरा महिने लिहितात, त्याचा पोलिसांशी संबंध नाही. आणि पोलीस फक्त गुन्ह्याचा रेकॉर्ड बघतात, किराया वेळेवर देईल का ते तुम्हालाच बघावं लागतं. नोकरीवाला असेल तर सॅलरी स्लिप, मुलगा असेल तर कोचिंगच्या फीची रसीद मागा, आणि फोन आत्ताच्या मकान मालकाला नाही, त्याच्या आधीच्याला करा. आत्ताच्या मालकाला किरायेदार जायला हवा असेल तर तो चांगलंच सांगेल.

फॉर्म दिल्यावर पावती घेतल्याशिवाय थान्यातून निघू नका, "हो गया अंकल, जाइए" एवढ्यावर तर मुळीच नाही. दुसऱ्या कॉपीवर शिक्का आणि तारीख मागा, ऑनलाईन असेल तर अर्ज क्रमांकाची प्रिंट काढा आणि अ‍ॅग्रीमेंटसोबतच फाईलला लावून ठेवा. वयामुळे थान्यात जाणं होत नसेल तर घरातल्या कोणाकडून पोर्टलवर भरून घ्या, मात्र ओटीपी तुमच्याच मोबाईलवर येऊ द्या, दुकानवाल्याच्या नाही.