मुलुगूचा हादरा अन् आमच्या घरकुलाची पट्टी

4 डिसेंबर 2024, सकाळचे साडेसात वाजत होते, चहा गॅसवर होता अन् फळीवरचे गंज-भांडे आपोआप वाजायला लागले. आईला वाटलं मांजर, पण मांजर तर दारात झोपून होती! मग कळलं की तेलंगणातल्या मुलुगूला 5.3 चा भूकंप झाला, म्हणजे आपल्या सिरोंच्याहून गोदावरी ओलांडली की तिकडंच.

भूकंपाच्या धोक्याच्या 2002 च्या सरकारी नकाशात (झोनचा आकडा मोठा तसा धोका जास्त) विदर्भ बहुतेक झोन 2 मध्ये, थोडा 3 मध्ये होता, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण किल्लारी तर तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन 1 मध्ये होतं, अन् 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे तिथं हजारो माणसं झोपेतच गेली. मारलं ते जाड दगडी भिंतींनी. दोन बाजूनं मोठे दगड, मधात चुरी अन् माती, वर मातीचं जड माळवद, हलल्याबरोबर भिंत मधातून फाटली अन् माळवद खाली.

त्यानंतर आपल्या सरकारनं 52 गावं नव्या जागी बसवली, बाकी गावांत दुरुस्तीला पैसे दिले. गुजरातनं 2001 च्या भुजनंतर बहुतेक ठिकाणी घरमालकाच्याच हाती पैसा दिला, पण हप्त्यानं, इंजिनीअर बांधकाम पाहून गेला की पुढचा हप्ता, शिवाय गवंड्यांना ट्रेनिंग. आपत्तीचा कायदा पण त्यांनी 2003 लाच केला, केंद्राचा 2005 ला आला. उत्तराखंडनं 2021 मध्ये आयआयटी रुडकीसोबत मोबाईलवर इशारा देणारं ॲप काढलं. भूकंपाची पहिली लाट जोरात पळते पण हळू हलवते, नुकसान करणारी मागून येते, तेवढ्या काही सेकंदांचा खेळ. भूकंप पायाखालीच झाला तर तेवढेही भेटत नाहीत.

मला विचाराल तर गुजरातचा हप्ता भारी. कारण त्यात बांधकाम पाहूनच पैसा भेटते, अन् बांधकामाची सगळी मेख पट्टीत आहे. भूकंप घराला आडवा हलवते, कोपरे उकलतात अन् भिंती एकमेकींपासून सुटतात. दारं-खिडक्यांच्या वर सळईवाली काँक्रीटची पट्टी चारही भिंतींवरून सलग फिरवली की घर बांधून राहते, जिनिंगमधल्या कापसाच्या गाठीला पट्टी असते ना तसं.

आमच्याकडं घरकुलाच्या हप्त्यासाठी फोटो तर काढतातच, मग त्यातच ही पट्टी पाहिली तर वेगळा खर्च कितीसा? शेजारच्या घरकुलावर मिस्तरीला विचारलं, लिंटल, म्हणजे ही काँक्रीटची पट्टी, फक्त दारावरच का? तो म्हणे, "दार दबू नये म्हणून टाकतो ना भाऊ, भिंतीवर कायले पाहिजे?"